कात्रजचा घाट आणि बर्फाचा उतार

एखाद्याला हुलकावणी देऊन भलत्याच वाटेला लावले, की आपण म्हणतो, ‘त्याला कात्रजचा घाट दाखवला!’ १६६३ च्या एप्रिलात लाल महालात शाएस्तेखानाची बोटे छाटून महाराज सिंहगडाकडे निघाले, आणि पाठलागावरची फौज चकविण्यासाठी बैलांच्या शिंगांना पलिते बांधून ते कात्रजच्या घाटाकडे पिटाळले, अशी कथा आहे. तिचा निवाडा इतिहासकारांनी करावा. आजचा पुणेकर तरुण मात्र हा घाट आपण होऊन पाहावयास जातो.

जुन्या बोगद्यापाशी उतरायचे, वाघजाईला हात जोडायचे आणि डोंगराची धार धरायची. पंधराएक किलोमीटर चालले, की सिंहगड. वाटेत टेकड्या तेरा म्हणणारे भेटतात, तसे सोळा म्हणणारेही भेटतात. ज्याचे पाय जितके दुखतात, तितका त्याचा आकडा मोठा!

गंमत अशी, की येथे चढणे कुणाला फारसे जड जात नाही. दम लागतो, थांबावे, पाणी प्यावे, पुन्हा चालू लागावे. खरी फजिती होते ती उतरताना. पायांखाली मुरूम, वर वाळले गवत. नवखा माणूस घाबरतो, अंग मागे टाकतो, आणि नेमका त्यामुळेच टाचा निसटून बसकण मारतो. जाणता सोबती सांगतो, ‘गुडघे वाकवा, पावले लहान टाका, अंगाचा भार पायांवर राहू द्या.’

हाच धडा दूर गढवालात, बर्फावर, अगदी याच शब्दांत मिळतो. ज्योतिर्मठ म्हणजे आपले जुने जोशीमठ. त्याच्या माथ्यावर औली आहे. तेथे हिवाळ्यात स्कीइंगचे सात आणि चौदा दिवसांचे वर्ग भरत आले आहेत. समोर ७८१६ मीटर उंचीची नंदादेवी, आणि पायांत माणसाच्या उंचीच्या दोन पट्ट्या!

तेथल्या मास्तरांचा आठवडा मोठा पाहण्यासारखा असतो. पहिल्या दिवशी ते धावायला नव्हे, पडायला शिकवतात. कुशीवर पडावे, पट्ट्या उताराला आडव्या कराव्यात, मग उठावे. दुसऱ्या दिवशी खेकड्यासारखे आडवे चढणे. तिसऱ्या दिवशी पट्ट्यांची पुढची टोके जवळ आणि मागची लांब ठेवून वेग आवरणे. मग वळणे. आणि आठवडाभर एकच हाकाटी: ‘आगे झुको!’ कारण भीतीने मागे रेलले, की पट्ट्यांची पुढची टोके हलकी होतात आणि त्या आपले ऐकेनाशा होतात. ज्या उताराची भीती वाटते, त्याच्याकडेच झुकावे लागते. शनिवारी मुले जरा डौलात घसरू लागतात, आणि सोमवारी मास्तरांपुढे नवे पडणारे हजर!

संध्याकाळी शेकोटी पेटते. गढवालात आनंदाच्या प्रसंगी मशकबीन वाजते. ती म्हणजे स्कॉटलंडची बॅगपाइप! इंग्रजी अमदानीत स्कॉटिश पलटणींबरोबर ती हिंदुस्थानात आली, गढवाली शिपायांनी उचलली, आणि आता तेथल्या लग्नाची वरात तिच्यावाचून सुनी वाटते. खुद्द स्कॉटलंडची माणसे बर्फात असोत वा घरी, २५ जानेवारीला रॉबर्ट बर्न्स या आपल्या कवीचा जन्मदिवस साजरा करतात. तो जन्मला १७५९ साली. त्या रात्री चुणीदार घागऱ्यासारखा किल्ट नेसलेले पुरुष, बॅगपाइप, नाच आणि ‘हॅगिस’ नावाचे पक्वान्न असते. मेंढीचे काळीज, फुप्फुस, ओटचे पीठ, कांदा आणि मसाला एकत्र करून ते पूर्वापार मेंढीच्याच कोथळ्यात शिजवीत आले. आमची वजडी आवडीने खाणाऱ्यांनी तरी नाक मुरडू नये!

मेजवानीच्या शेवटी हात गुंफून जे गाणे म्हणतात, ते बर्न्सनेच लिहून काढले: जुन्या मैत्रीच्या आठवणीचे, ‘ऑल्ड लँग साइन’. त्याच्या चालीवर रवींद्रनाथांनी बंगालीत गीत रचले. आणि कात्रजहून चालत येऊन सिंहगडावर टेकलात, की खाली ज्या खडकवासल्याचे पाणी चमकते, तेथल्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत शिक्षण संपवून निघणाऱ्या छात्रांच्या ‘अंतिम पगा’ला वर्षानुवर्षे हीच धून वाजत आली आहे. कुठे स्कॉटलंड, कुठे मावळ!

पण डोंगराचे दैव सगळीकडे सारखे नसते. २०२३ च्या जानेवारीत जोशीमठची जमीन खचली, शेकडो घरांना तडे गेले, बिऱ्हाडे उठवावी लागली. त्याच हिवाळ्यात पुरेसे बर्फ न पडल्याने औलीच्या राष्ट्रीय स्पर्धाही रद्द झाल्या. ज्याच्या अंगाखांद्यावर मुले पडायला आणि उठायला शिकतात, तो डोंगरच डळमळला तर मास्तर शिकवणार कशावर? कात्रजच्या कुशीत पुणे वाढते आहे, तेव्हा आपल्यालाही हा प्रश्न परका नाही.

म्हणून मुलाने किंवा मुलीने ‘बर्फावर जाते’ म्हटले, तर आईबापांनी एकदम नाही म्हणू नये. आधी कात्रजला पाठवावे. जमल्यास बरोबर जावे. दिवाळीनंतर हवा गार होते, हाच ऋतू. धारेवर पाण्याचा भरवसा नाही, तेव्हा माणशी तीन लिटर घ्यावे. चांदणे असले तरी विजेरी घ्यावी. आणि वाट माहीत असलेला एक माणूस बरोबर हवाच. गडावर पिठले-भाकरी आणि मडक्यातले दही मिळते. ते खाऊन झाले, की घरच्या मंडळींनी एवढेच विचारावे: उतरताना कितीदा पडलात?