कृष्णाकाठचे शरभ आणि नरसिंह

धोम धरणाच्या भिंतीखाली कृष्णा शांत वाहते. गावातल्या सिद्धेश्वराच्या आवारात नंदी बसलाय तो कासवाच्या पाठीवर, आणि ते कासव कमळाच्या आकाराच्या दगडी कुंडात. पावसाळ्यात कुंड भरलं की कासव पाण्यात तरंगतंय असं वाटतं. पेशवाईतलं हे काम बघायला लोक लांबून येतात. बहुतेकांची पावलं नंदीपाशीच थांबतात, शेजारच्या उंच जोत्यावरच्या नरसिंहाकडे फार थोडे वळतात. माझा प्रवास त्याच्यासाठीच होता. अर्धा माणूस, अर्धा सिंह असलेला हा देव कृष्णेच्या काठाकाठाने पुन्हा भेटणार होता. आणि मधल्या वाटेवर त्याचा पुराणातला प्रतिस्पर्धीही.

पुराणात गोष्ट अशी आहे. हिरण्यकशिपूला फाडूनही नरसिंहाचा क्रोध शमेना. जग जळायला लागलं, तेव्हा देव शंकराकडे गेले आणि शंकराने शरभाचं रूप घेतलं: सिंहाचं धड, पक्ष्याचे पंख, आठ पाय. शैव सांगतात, शरभाने नरसिंहाला आवरलं. वैष्णव पुढे सांगतात, मग नरसिंह दोन तोंडांचा गंडभेरुंड झाला आणि शरभाशी भिडला. दोन्ही पंथांनी आपापल्या देवाला जिंकवलं. आमच्या कोरक्यांनी मात्र कोणालाच हरवलं नाही. शिवनेरीच्या दरवाजावर शरभ आहे, गाविलगडाच्या दिल्ली दरवाजावर गंडभेरुंड, आणि पंजात हत्ती धरण्याचा मान दोघांनाही.

वाई, भुईंज मागे टाकून महामार्ग सोडला की लिंब येतं. इथली बारा मोटेची विहीर वरून पाहिली तर शिवलिंगासारखी दिसते: अष्टकोनी मोठी विहीर, तिला जोडलेला लांबट भाग. खोली ११० फूट, व्यास ५० फूट. शके १६४१ ते १६४६, म्हणजे इ.स. १७१९ ते १७२४ या काळात शाहू महाराजांच्या घरच्या विरूबाई भोसले यांनी ती बांधून घेतली. पंधरा मोटांची जागा असून बाराच चालत, म्हणून हे नाव. पायऱ्या उतरून गेलं की विहिरीच्या पोटातच महाल लागतो. त्याच्या खांबांवर गणपती, मारुती, हत्ती, स्वार, कमळं कोरली आहेत. वर मोटा चालत होत्या त्या दिवसांत या महालात कसले आवाज येत असतील! धावेवरून उतरणारे बैल, ताणलेला नाडा, थारोळ्यात उपडी होणारी मोट आणि पाटातून आमराईकडे पळणारं पाणी. तीन हजारांवर आंब्याची झाडं या पाण्यावर जगत होती, असं गावात सांगतात.

शरभ आहेत ते याच पाण्याच्या भिंतींवर. मला ते वाघाच्या घाटाचे वाटले. अंग ताणलेलं, शेपूट उंच, पंजे हत्तींवर. गावकरी अर्थ सांगतात तो असा: दक्षिण जिंकली, आता नजर उत्तरेवर. ही व्याख्या मागाहून सुचलेली असेलही, पण काळाशी तिचा मेळ बसतो. १७१९ म्हणजे बाळाजी विश्वनाथ दिल्लीहून चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा घेऊन परतले ते वर्ष, येसूबाई कैदेतून सुटून साताऱ्याला आल्या ते वर्ष. शाहू महाराज स्वतः १६८९ पासून १७०७ पर्यंत मोगलांच्या कैदेत होते, आणि विरूबाई त्या छावणीतून त्यांच्याबरोबर आल्या, असं परंपरा सांगते. ज्या बाईने तो काळ पाहिला, तिने पाणी बांधताना भिंतीवर हत्ती दाबून धरणारा प्राणी हवा म्हटलं असेल, यात मला खूप काही दिसतं.

या शरभाला शेंदूर नाही, नैवेद्य नाही, त्याचा उत्सवही नाही. तो देव नव्हे, राखणदार आहे. असे राखणदार दूर मणिपुरातही आहेत. इंफाळच्या कांगला किल्ल्यात राजदरबाराच्या प्रवेशापुढे कांगला शा नावाची जोडी उभी असे: सिंहासारखं अंग, डोक्यावर सांबरासारखी शिंगं. १८९१ च्या युद्धानंतर इंग्रजांनी ती जोडी उडवून दिली. २००७ मध्ये मणिपूरकरांनी ती पुन्हा उभी केली. जिंकणाऱ्याला दगडी प्राण्याचीही धास्ती वाटली, एवढं त्या रूपांचं वजन. आपला लिंबचा शरभ असल्या संकटातून वाचला. त्याच्या आसपास खडूने नावं लिहून ठेवणाऱ्यांपासूनही तो वाचायला हवा.

साताऱ्यावरून, संगम माहुलीची देवळं डावीकडे ठेवून कऱ्हाडला आलो. कोयना इथे कृष्णेला मिळते. पुढे वाळवा तालुका, म्हणजे सांगली जिल्हा. पण हा मुलूख १९४९ पर्यंत साताऱ्याचाच होता. आधी दक्षिण सातारा आणि १९६० मध्ये सांगली, असं त्याचं नाव झालं. देवांच्या वाटा त्याहून जुन्या.

कोळे नरसिंहपूर नदीकाठीच आहे. इथला नरसिंह जमिनीखाली, भुयारात. वाकून पायऱ्या उतरायच्या, समईच्या उजेडाला डोळे सरावू द्यायचे, मग काळ्या शिळेतली सोळा हातांची ज्वालानरसिंहाची मूर्ती हळूहळू दिसू लागते. ती कृष्णेच्या डोहातून वर आली अशी श्रद्धा आहे. लिंबला ज्याला राखणदारी मिळाली, त्याच्या कथेतला दुसरा इथे गाभाऱ्यात बसलाय, घराघरांचं कुलदैवत होऊन. एकाच नदीने दोघांना सांभाळलं आणि त्यांचं भांडण पोथीतच राहू दिलं.

नरसिंह जयंती वैशाख शुद्ध चतुर्दशीला. कृष्णा तेव्हा सगळ्यात बारीक झालेली असते, आणि लिंबच्या मोटांना सर्वांत जास्त काम असायचं तेही याच दिवसांत.