छर्रा, स्लग आणि एक्सेलमधला राहिलेला रकाना

छर्र्याची बंदूक म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? गावची जत्रा, फळीवर लावलेले रंगीत फुगे, आणि नेम धरला तरी हमखास डावीकडे मारणारी ती वाकडी नळी! मीही इतकी वर्षं तेच धरून चाललो होतो. इथे अ‍ॅरिझोनात आल्यावर एका सहकाऱ्याच्या नादाने २२ बोअरची पीसीपी रायफल घेतली (दाबलेल्या हवेची टाकी असते ती), आणि झालं... वीकांत गेले कामातून. बायको म्हणते, "लोक गोल्फ खेळतात, तू शिसं वेचतोस."

तर गेल्या हिवाळ्यात डोक्यात किडा शिरला: १०० यार्डांवर, म्हणजे ९१ मीटरवर, छर्रा चांगला की स्लग?

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. छर्रा म्हणजे बॅडमिंटनचं शटल. डोकं जड, कंबर बारीक, मागे पोकळ घेर. हवा तो घेर मागे ओढून धरते, म्हणून छर्रा सरळ जातो. पण त्याच ओढीने त्याचा वेगही खाल्ला जातो. स्लग म्हणजे छोटी बंदुकीची गोळीच, कंबर नाही की घेर नाही. त्याला सरळ ठेवतं ते फक्त स्वतःभोवती फिरणं. म्हणजे भोवरा! जाळी नीट बसली तर एका जागी गुंगतो, नाहीतर तडमडतो.

आता सॉफ्टवेअरवाला माणूस, म्हणजे एक्सेल आलंच. उसना डॉपलर रडार आणला आणि चार शनिवार मोजमाप केलं. छर्रा १८ ग्रेनचा, सुरुवातीचा वेग सेकंदाला २६८ मीटर. स्लग २५ ग्रेनचा, वेग २७४ मीटर. सुरुवात जवळजवळ सारखीच. ९१ मीटरवर मात्र छर्रा १७७ वर आलेला, आणि स्लग अजून २३३ वर! हवा कापायच्या क्षमतेला बॅलिस्टिक कोएफिशियंट म्हणतात. छर्र्याचा आला ०.०३३ आणि स्लगचा ०.०८५. अडीचपटीहून जास्त.

खरी मजा वाऱ्यात. ताशी ८ किलोमीटरची झुळूक, म्हणजे चहाची वाफ कलते तेवढीच. तेवढ्यात छर्रा १८ सेंटीमीटर बाजूला जातो, स्लग साडेसहा. इथल्या वाळवंटात दुपारी वारा दर मिनिटाला मत बदलतो. तिथे हा फरक म्हणजे जिंकणं आणि हरणं.

पण पहिले दोन शनिवार स्लगने माझी लाज काढली. वारा नसताना छर्र्यांचा पुंजका ६ सेंटीमीटरचा, आणि स्लगचा ११! कागदावर हुशार, परीक्षेत नापास. मग कळलं की स्लगचा व्यास नळीला तंतोतंत बसावा लागतो. ०.२१७ इंचाचे आणले होते, ०.२१८ चे मागवले. इंचाच्या हजाराव्या भागाचा फरक, आणि पुंजका आला साडेचारवर. छर्र्याचा मऊ घेर नळीत फुलून बसतो, तो अशी थेरं करत नाही. आणि हो, स्लगला दमदार बंदूकही लागते. इंग्लंडमध्ये परवान्याशिवाय १२ फूट-पाउंडांच्या, म्हणजे साधारण १६ ज्यूलच्या रायफली चालतात. तिथे छर्राच बरा.

तर निकाल लागला, स्लग जिंकला. मी खूश. जुन्या रूममेटला फोन केला, "ये रे, दाखवतो गंमत." तो आला, बरोबर त्याचा दहा वर्षांचा मुलगा. गावाबाहेरच्या मोकळ्या जमिनीवर, जिथे मी वर्षभर छर्रे मारत होतो, तिथेच गेलो. पाठीमागे खडकाळ टेकाड, त्यावर छर्रे आपटून चपटे व्हायचे. मी ते कौतुकाने वेचून आणायचो.

तिसरा स्लग लोखंडी पट्टीच्या वरून गेला. दगडावर 'टक्', आणि मग एक लांब गुणगुण... टेकाडाच्या पलीकडे विरत गेली.

"काका, तो कुठे गेला?" पोराने विचारलं.

मी म्हटलं, "गेला रे कुठेतरी." आणि पुढचा भरायला घेतला. तेवढ्यात टेकाडाच्या उजव्या अंगाने एक बाई सायकलवरून आल्या. हेल्मेट, पाठीवर पाण्याची पिशवी. हसून हात केला आणि निघून गेल्या. पलीकडे सायकलींची पायवाट आहे हे मला त्या दिवशी कळलं. वर्षभर तिथे येऊन!

रूममेट काहीच बोलला नाही. त्याने पोराला गाडीत बसवलं आणि म्हणाला, "चल, जेवायला जाऊ." अख्ख्या जेवणात आम्ही क्रिकेटवर बोललो.

रात्री एक्सेल उघडलं. आकडे सगळे होतेच तिथे, मीच मांडलेले. छर्रा नळीतून निघतो ४२ ज्यूल घेऊन, ९१ मीटरवर उरतात १८. स्लग निघतो ६१ घेऊन, आणि तिथे उरतात ४४. म्हणजे ९१ मीटरवरचा स्लग हा नळीच्या तोंडाशी असलेल्या छर्र्यापेक्षा भारी! पुढे गणित केलं, तर सरळ ३०० मीटर गेलेल्या स्लगमध्येही २० ज्यूलच्या वर शिल्लक. दगडावरून उडालेल्यात कमी असेल, पण किती कमी ते दगड ठरवणार. भारतात २० ज्यूलच्या वरच्या एअर रायफलला परवाना लागतो, २०१६ च्या नियमांप्रमाणे. तिथे हा आकडा बंदुकीच्या तोंडाशी मोजतात, आणि मी तो तीन फुटबॉल मैदानांपलीकडे पाठवत होतो. छर्रा लवकर दमतो हा मी त्याचा दोष म्हणून लिहिला होता. वर्षभर त्या दोषानेच मला सांभाळलं.

वेग, घसरण, वारा, पुंजका, किंमत असे सगळे रकाने होते. 'चुकला तर थांबणार कुठे' हा रकाना नव्हता. आता आहे, सगळ्यात पहिला.

स्लग अजून वापरतो, पण फक्त क्लबच्या रेंजवर, जिथे मागे मातीचा उंच बांध आहे. त्या टेकाडावर परत गेलो नाही.

परवा रूममेटचा फोन आला, "पोरगा विचारतोय, काका परत कधी नेणार?" मी रेंजचा पत्ता पाठवला. तो म्हणाला, "आधी मी एकटा येऊन बघतो."

बरोबर आहे त्याचं.