तांडेलाची शाळा

१९ ऑगस्ट २००९. नारळी पौर्णिमा होऊन पंधरवडा उलटला होता, गणपती चार दिवसांवर आले होते. कोळीवाड्यांतल्या होड्या नुकत्याच पुन्हा समुद्रावर जाऊ लागल्या होत्या. त्या दिवसांत नौदलातले कमांडर दिलीप दोंदे मुंबईहून एकटे निघाले, ‘म्हादेई’ नावाच्या छप्पन्न फुटी शिडाच्या नौकेतून, पृथ्वीला वळसा घालायला. या वळशाचे नियम जुने आणि कडक आहेत. सगळी रेखावृत्ते ओलांडायची, विषुववृत्त दोनदा, ल्यूविन, हॉर्न आणि गुड होप ही तिन्ही भूशिरे डावलायची नाहीत, सुएझ-पनामाच्या कालव्यांतून जवळची वाट काढायची नाही, आणि किमान २१,६०० सागरी मैल कापून निघालो त्याच बंदरात परत यायचे. त्यापूर्वी एकाही भारतीयाने हे एकट्याने केले नव्हते.

कल्पना व्हाइस अॅडमिरल मनोहर आवटी यांची. १९७१च्या युद्धात वीरचक्र मिळवलेला हा माणूस निवृत्तीनंतर फलटणजवळच्या विंचुर्णीत राहत होता. समुद्रापासून इतक्या दूर, माणदेशाच्या उंबरठ्यावर, ऐंशीच्या घरात पोचलेल्या माणसाला हा ध्यास असावा याचे मला फार अप्रूप वाटते. २००६मध्ये नौदलाने स्वेच्छेने येणारा अधिकारी शोधला तेव्हा दोंदे पुढे झाले. ते डायव्हर, पाण्याखालचे काम त्यांना ठाऊक होते, पण अशा सफरीचा अनुभव नव्हता. नौकाही तयार नव्हती. ती गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात आकाराला आली. जुन्या गोव्याहून फेरीबोटीने दिवाडीला जाताना मी नेहमी कठड्याशी उभी राहते. पाणी संथ, मातकट, काठाला खारफुटी. सह्याद्रीत उगम पावून सत्तरीतून म्हादेई म्हणून वाहत आलेली नदी इथे मांडवी झालेली असते. या एवढ्याशा बेटावर, इतक्या निवांत पाण्याकाठी, दक्षिण महासागराच्या लाटा झेलणारी नौका घडली. आणि तिचा कप्तान ती घडताना तिथेच होता. कोणता स्क्रू कुठे बसला, कोणती तार कुठून गेली हे त्याला पाठ झाले. पुढे भर समुद्रात काही मोडले तर दुरुस्त करणारा तोच असणार होता.

नौदलातल्या अधिकाऱ्याचे आयुष्य हुकुमांचे. वर कोणी हुकूम देणारा, खाली पाळणारे. अशा माणसाने, ज्याच्याखाली उद्या कितीतरी माणसे येणार आहेत, एकाही माणसाला हुकूम देता येणार नाही अशा जागी महिनोन्‌महिने का जावे? या प्रश्नाशी मी बराच काळ घुटमळले. एकट्या नौकेवर स्वयंपाकी, खलाशी, वायरमन, शिंपी, वैद्य असा सगळा कबिला एकाच अंगात असतो. शीड फाटले तर ज्याने वेळेवर आखडले नाही तोही आपणच आणि सुईदोरा घेऊन बसणाराही आपणच. झोप तुकड्यातुकड्यांत. दक्षिण गोलार्धात चाळिसाव्या अक्षांशाच्या खाली वाऱ्याला अडवायला फारशी जमीनच नाही. तो जगाभोवती मोकाट फिरतो आणि लाटा त्याच्यामागून डोंगरासारख्या येतात. तिथे सगळ्यात आधी ओळखावा लागतो तो स्वतःचा थकवा. आत्ता घेतलेला निर्णय आपण घेतो आहोत की आपली अपुरी झोप घेते आहे? कचेरीत, संस्थेत, घरातही थकलेल्या वडीलधाऱ्याच्या निर्णयाची किंमत भलतीच माणसे मोजत असतात आणि त्याला ते कळतही नाही. समुद्रावर ती किंमत त्याची त्यालाच, त्याच रात्री मोजावी लागते. मला वाटते, एवढ्यासाठी तरी नेतृत्व करू पाहणाऱ्याने कधीतरी असे काहीतरी अवघड, एकट्याचे अंगावर घ्यावे.

ही शाळा कोळीवाड्याला नवी नाही. कोळ्यांच्या होडीवर तांडेलाचा, म्हणजे होडीच्या म्होरक्याचा, शब्द शेवटचा. पण तो शब्द त्याला आयता मिळत नाही. पोरवयात तो जाळी ओढतो, मासळी निवडतो, बाकीच्यांसाठी भात रांधतो. उधाणाचा अंदाज त्याच्या अंगात मुरतो, मग कधीतरी सुकाणू हाती येते.

दोंदे १९ मे २०१० रोजी परतले. त्यांच्या पाठीशी किनाऱ्यावरून राबलेल्यांत नौदलातलेच अभिलाष टॉमी होते. याच ‘म्हादेई’वरून टॉमी १ नोव्हेंबर २०१२ला निघाले आणि कुठेही न थांबता, एकट्याने, पुढच्या वर्षी मुंबईला परत आले. दोंद्यांच्या कहाणीतला मला सर्वात जवळचा वाटणारा भाग मात्र त्यांच्या स्वतःच्या सफरीनंतरचा आहे. नौदलातल्या सहाजणींना त्यांनी शिकवले. वर्तिका जोशी, प्रतिभा जामवाल, स्वाती पी., ऐश्वर्या बोड्डापाटी, विजया देवी, पायल गुप्ता. आधी ‘म्हादेई’वर हात बसला, मग दिवाडीतच बांधलेली ‘तारिणी’ त्यांच्या हाती आली. शिकवणाऱ्याने जग पाहिलेले असले की शिष्याच्या प्रत्येक चुकीआधी त्याचा हात दोरीकडे जातो. तो आवरणे ही केवढी तपश्चर्या असेल! कारण केप हॉर्नला तो सोबत नसणार, हे त्यालाच सगळ्यात चांगले ठाऊक.

१० सप्टेंबर २०१७ला ‘तारिणी’ गोव्याहून निघाली. पितृपक्ष चालू होता. एरवी त्या पंधरवड्यात आपल्याकडे कोणी नवी वस्तूही घरात आणत नाही. फ्रीमँटल, लिटलटन, मग पॅसिफिकचा लांबलचक, झोडपून काढणारा पट्टा, जानेवारीत केप हॉर्न, पुढे फॉकलंडमधले पोर्ट स्टॅन्ली, केपटाउन. हॉर्नजवळ फडकवलेल्या तिरंग्याचे छायाचित्र सगळ्यांनी पाहिले. माझे मन मात्र मॉरिशसच्या पोर्ट लुईसपाशी अडते. केपटाउन सोडल्यावर हिंदी महासागरात सुकाणूच्या यंत्रणेत बिघाड झाला. घर आता एकाच टप्प्यावर होते. तीन भूशिरे मागे टाकलेल्या माणसांना, गोव्याच्या इतक्या जवळ येऊन, नकाशात नसलेला थांबा घ्यावासा वाटेल का? त्यांनी घेतला. मॉरिशसला वळल्या, दुरुस्ती केली आणि मगच पुढे निघाल्या. कप्तान वर्तिकाच्या जबाबदारीत पाच जीव होते. वादळात टिकून राहण्याला धैर्य लागते, पण वादळ सरल्यावर, सगळ्यांचे डोळे घराकडे लागलेले असताना थांबायला लावण्यासाठी लागणारे बळ मला अधिक दुर्मिळ वाटते. २१ मे २०१८ला सहाही जणी गोव्यात उतरल्या. आवटींनी ते पाहिले. त्याच नोव्हेंबरात ते गेले.

त्याच वर्षीच्या सप्टेंबरात, गोल्डन ग्लोब या एकट्याच्या पृथ्वीप्रदक्षिणेच्या शर्यतीत, टॉमींची ‘थुरिया’ दक्षिण हिंदी महासागरात वादळात सापडली आणि त्यांच्या पाठीच्या कण्याला जबर दुखापत झाली. हीही नौका दिवाडीचीच. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी १९६८-६९मध्ये पहिली एकट्याची विनाथांबा प्रदक्षिणा ज्या नौकेतून केली ती मुंबईत सागवानात बांधलेली ‘सुहैली’, तिची ही प्रतिकृती. हलताही येत नसलेल्या टॉमींना एका फ्रेंच जहाजाने उचलले. ते पुन्हा चालायला शिकले, २०२२मध्ये त्याच शर्यतीत पुन्हा उतरले आणि दुसरे आले. मग तेही शिकवायला बसले. २ ऑक्टोबर २०२४ला त्याच ‘तारिणी’वर दिलना आणि रूपा या दोघीच अधिकारी पृथ्वीप्रदक्षिणेला निघाल्या, त्या टॉमींच्या हाताखाली तयार होऊन. सहाजणींचे काम दोघींत वाटून, आळीपाळीने झोपत आणि आळीपाळीने सुकाणू धरत त्या मे २०२५च्या अखेरीस परतल्या. आता त्यांच्या हाताखाली कोण शिकते आहे, याची मला उत्सुकता आहे.