वितळून उरलेला डॉलर

६ ऑगस्ट
बऱ्याच दिवसांपासून हवा असलेला मॉर्गन डॉलर आज हाती आला. १८८१ चा, सॅन फ्रान्सिस्को टाकसाळीचा. मागच्या बाजूला गरुडाखालच्या पर्णचक्राच्या खाली बारीक ‘एस’ आहे. काट्यावर २६.७ ग्रॅम भरला. ९० टक्के चांदी, बाकी तांबं. भिंग लावल्यावर स्वातंत्र्यदेवतेच्या मानेशी ‘एम’ दिसला. इंग्लंडहून फिलाडेल्फियाच्या टाकसाळीत आलेल्या जॉर्ज मॉर्गन यांची ती खूण. चेहऱ्यासाठी त्यांनी त्याच शहरातल्या ॲना विलियम्स या शिक्षिकेला समोर बसवलं होतं. म्हणूनच हा मुखडा इतका जिवंत उतरलाय.

९ ऑगस्ट
नेवाडाच्या खाणींतून चांदी उदंड निघू लागली आणि भाव कोसळला. खाणवाल्यांच्या रेट्यापुढे १८७८ मध्ये ब्लँड-ॲलिसन कायदा झाला. सरकारने दरमहा २० ते ४० लाख डॉलरची चांदी घ्यायची आणि नाणी पाडायची. एवढं जड नाणं खिशात कोण बाळगणार? पोतीच्या पोती सरकारी तिजोरीत पडून राहिली.

१५ ऑगस्ट
या डॉलरचं आपल्याशी नातं आहे, ते १९१८ चं. महायुद्धात हिंदुस्थानातले लोक नोटा परत करून चांदीचे रुपये मागू लागले. चांदी पुरेना. अमेरिकेने पिटमन कायदा करून २७ कोटींवर डॉलर वितळवले. त्यातल्या सुमारे २५ कोटी ९१ लाखांची चांदी ब्रिटनला हिंदुस्थानसाठी विकली. मुंबई आणि कलकत्त्याच्या टाकसाळींत तिचे रुपये झाले. हिशेब केला: एका डॉलरच्या चांदीत सव्वादोन रुपये बसतात. लक्ष्मीपूजनाच्या ताटातल्या पंचम जॉर्जच्या रुपयात नेवाडाची चांदी असू शकते!

२२ ऑगस्ट
वितळवताना कोणत्या सालची नाणी किती गेली, याची नोंदच ठेवली नाही. त्यामुळे किती पाडली यावरून किती उरली हे कळत नाही. न्यू ऑर्लिन्सचा १९०३ चा डॉलर ४४ लाखांवर पाडलेला, तरी अतिदुर्मीळ समजला जाई. १९६२ मध्ये तिजोरीतून त्याचीच पोती बाहेर आली आणि भाव धाडकन पडला. मला या नाण्याची ओढ वाटते ती यासाठीच. हाती आलेला प्रत्येक डॉलर भट्टीतून वाचलेला आहे.

नव्या संग्राहकांना एवढंच सांगणं: आधी वजन आणि टाकसाळीची खूण तपासा. आणि नाणं काळवंडलं म्हणून चिंच किंवा पितांबरीने घासू नका. घासलेल्या नाण्याची किंमत उतरते, ती पुन्हा चढत नाही.