अबोल्याचे दुखणे

सुरतच्या बमरोलीत यंत्रमागावर बारा तासांची पाळी करून खोलीवर आलो, तरी झोप लागत नसे. पित्त, डोकेदुखी नेहमीची. गोळ्यांनी तेवढ्यापुरते बरे वाटे. गावी बांधावरून थोरल्या भावाशी दोन वर्षे अबोला होता. तोच आत सलत होता.

एका रविवारी मीच फोन लावला. "ऊटा आतेनो?" जेवलास का, हे दादाने आईच्या कानडीत विचारले आणि मला हुंदका आवरेना. त्या रात्री गाढ झोप लागली.

आईवडील मूळचे कर्नाटकातले असलेले डॉ. विवेक मूर्ती अमेरिकेचे सर्जन जनरल होते. नात्यांचा तुटवडा दिवसाला १५ सिगारेटी ओढण्याइतका घातक ठरू शकतो, असा इशारा त्यांनी २०२३ मध्ये दिला होता.

औषध चुकवू नका. पण अबोलाही फार दिवस ठेवू नका.