तळवलीच्या गल्लीत भाड्याची गाडी

धाकट्या नणंदेचं बिऱ्हाड नवी मुंबईत तळवलीला आहे. तिच्या लेकाच्या बारशाचं बोलावणं आलं आणि नेमकी आमची गाडी गॅरेजात! "विमा आहे ना, मग कंपनी तोवर दुसरी गाडी देईलच की," असं मी आपली खुशाल धरून चालले होते. एजंटाला विचारलं तर कळलं, आपल्याकडच्या साध्या पॉलिसीत तशी सोय नसते. दुरुस्तीच्या काळात रोजचा ठरावीक भत्ता मिळू शकतो, पण त्यासाठी जास्तीचा हप्ता आधीच भरलेला असावा लागतो, आणि तोही मोजक्याच दिवसांपुरता. आम्ही कुठला भरायला!

शेवटी दोन दिवसांसाठी भाड्याने गाडी घ्यायचं ठरलं, चालवणार हेच. शेजारच्या काकू म्हणाल्या, "आमच्या भाच्याची न्या, स्वस्तात पडेल." पण ती पांढऱ्या पाटीची. खासगी गाडी भाड्याने दिली की विम्याची अट मोडते आणि भरपाई नाकारली जाऊ शकते. स्वतः चालवायच्या रीतसर भाड्याच्या गाडीची पाटी काळी असते, अक्षरं पिवळी. तीच आणली.

ठाणे-बेलापूर रस्त्याला घणसोली आणि रबाळ्याच्या मधे तळवली लागते. पूर्वेला कारखाने नि त्यांच्यामागे डोंगर, पश्चिमेला खाडी. मूळची वस्ती आगरी-कोळ्यांची. आधी कारखाने आले, १९७० मध्ये सिडको स्थापन झाली, भातखाचरं गेली, पण गावठाण जागच्या जागी राहिलं. आता तिथे इमारती इतक्या चिकटून उभ्या आहेत की ह्या खिडकीतून त्या खिडकीत आमटीची वाटी द्यावी! गल्लीत मोटारसायकलींची रांग, कडेला मासळीवाली मावशी, आणि मधे आमची गाडी. मागे घेताना एका ओट्याला बंपर घासलाच.

हे म्हणाले, "घाबरतेस काय, आपला फुल विमा आहे." पण बायांनो, तो विमा आपल्या गाडीचा, चालवणाऱ्याचा नव्हे! भाड्याच्या गाडीला तिच्या मालकाचा विमा. त्यातून रस्त्यावरच्या तिऱ्हाइताची भरपाई होते. गाडीच्या नुकसानीतलं आपण किती सोसायचं, ते भाडेकरारात लिहिलेलं असतं. आमच्या करारात पहिले काही हजार आमच्याच माथी होते. पॉलिसीतला पंधरा लाखांचा अपघात विमा असतो ना, तोही गाडी चालवणाऱ्या मालकासाठी. म्हणजे ह्यांना काहीच नाही! मी तर बारशाला पाळण्याची दोरी धरूनही मनात हिशेबच करत होते.

गाडी परत केली तेव्हा अनामतीतून बंपरचे पैसे कापले, ते रास्तच. पण दारावरचा जुना ओरखडाही आमच्याच नावावर लावला. गाडी ताब्यात घेताना चारही बाजूंचे फोटो काढले असते, तर दाखवता आले असते. पंधरा दिवस फोन करून थोडे पैसे परत मिळाले.

नणंदेला सांगितलं तर हसली. "वहिनी, ठाण्याहून वाशीची लोकल आहे की! घणसोलीला उतरा, मी घ्यायला येते."