दुय्यम संगणकावरची पहिली भाषा

आम्हा वकिलांच्या व्यवहारात ‘दुय्यम’ हा शब्द वारंवार येतो. खरेदीखत दुय्यम निबंधकांच्या कचेरीत नोंदवावे लागते. मूळ दस्त गहाळ झाला, तर न्यायालयापुढे दुय्यम पुरावा ठेवण्याची परवानगी मागावी लागते. शब्दाला कमीपणाची छटा असली तरी प्रसंगी सारी भिस्त त्याच्यावरच येते, हे आम्ही तीस वर्षे पाहत आलो आहोत. घरासाठी दुसरा, हलका लॅपटॉप घेण्याची वेळ आली तेव्हा हा शब्द पुन्हा आठवला.

आमचा मुख्य लॅपटॉप कचेरीचा. पंधरा इंची, दोन किलोंहून जड. दिवसभर त्यावर इंग्रजी अर्ज आणि कैफियती चालतात. संध्याकाळी तोच जेवणाच्या टेबलावर उघडायचा, आणि विजेचे बिल भरायला सौभाग्यवतींनाही तोच हवा असायचा. पक्षकारांची कागदपत्रे असलेले यंत्र घरात सर्वांच्या हाती द्यावे, हे व्यवसायाच्या गोपनीयतेस धरून नव्हते. त्याहून सलणारी गोष्ट निराळीच होती. त्या यंत्रापुढे बसले की बोटे आपोआप इंग्रजीकडे वळत आणि मराठी लेख ‘रविवारी पाहू’ म्हणून मागे पडे. असे कित्येक रविवार गेले.

प्रथम माळ्यावरचा जुना लॅपटॉप काढून पाहिला. परंतु त्यातील विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपलेला, आणि विंडोज ११ त्या यंत्रावर बसेना. लिनक्स घालून तो चालला असता. पण बिजागरी तुटलेली आणि बॅटरी अर्धा तासही न टिकणारी. त्याला निरोप देऊन आम्ही बेळगावातील एका दुकानात गेलो. जाताना खिशात एक चिठ्ठी होती. तिच्यावर एकच वाक्य लिहिले होते: ‘ॲडव्होकेटांच्या मते, डोंगरदऱ्यांतील गुऱ्हाळाच्या बांधावरून मुदतीचा बाध येत नाही.’

वाक्याला कायदेशीर अर्थ फारसा नाही, परंतु यंत्राची मराठी तपासायला ते पुरेसे आहे. आमच्या नावामागे लागणाऱ्या ‘ॲड.’मधील ‘ॲ’ या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान मिळाले ते २००८ साली. ‘दऱ्या’ आणि ‘गुऱ्हाळ’ यांतील अर्ध्या ‘र’ची आडवी रेघ मराठीची खास खूण, ती नीट जुळली नाही, तर तिच्या जागी रफार उमटून शब्द बिघडतो. आणि शेताचा बांध व कायद्याचा बाध यांत अंतर आहे ते केवळ एका टिंबाचे.

दुकानातील तरुणाने प्रथम सर्वांत स्वस्त यंत्र पुढे केले: ४ जीबी स्मृती, ६४ जीबी साठवण. विंडोज ११ ला किमान एवढे लागते, हे त्याचे म्हणणे खरे होते. परंतु किमान म्हणजे काठावर उत्तीर्ण. एवढ्या साठवणीत विंडोजची अद्यतनेच जागा खाऊन टाकतात. शिवाय पडदा १३६६ बाय ७६८ बिंदूंचा, आणि बाजूने पाहिले की फिकट पडणारा. नेहमीच्या अक्षर-आकारात आमच्या वाक्यातले टिंब जवळजवळ दिसेनासे झाले. “साहेब, इंग्लिश तर स्वच्छ दिसतंय की!” तो म्हणाला. आम्ही म्हणालो, “इंग्रजीला डोक्यावर आणि पायाखाली काही घ्यावे लागत नाही, बाळ. आमच्या अक्षराला मात्रा, रफार, उकार सगळे सांभाळायचे असते.”

तो हसला आणि दुसरे यंत्र घेऊन आला: चौदा इंची, १९२० बाय १०८० चा आयपीएस पडदा, ८ जीबी स्मृती, ५१२ जीबीची एसएसडी, वजन दीड किलोच्या आत. अनेक पातळ लॅपटॉपांत स्मृती मुख्य फलकावरच डाखलेली असते आणि नंतर वाढविता येत नाही. म्हणून ८ जीबी आधीच घ्यावी, असे आमचे मत. ते टाइप-सी तारेवर भारित होते, हीदेखील घरात सोयीची गोष्ट. मराठी इनस्क्रिप्ट कळफलक सुरू करून आम्ही वाक्य लिहिले. टिंब ठळक उमटले.

तरुणाची मातृभाषा कन्नड होती. “कळांवर तर मराठी अक्षरं नाहीत, मग कसं लिहिता?” त्याने विचारले. इनस्क्रिप्टची मांडणी १९९१ च्या भारतीय मानकात असून ती भारतीय लिप्यांना समान आहे, स्वर डाव्या हाताला आणि व्यंजने उजव्या हाताला, हे आम्ही सांगितले; पण सांगण्यापेक्षा दाखविणे बरे. शिफ्टसह इंग्रजी ‘एन’ची कळ दाबली, ‘ळ’ आला. भाषा बदलून कन्नड केली आणि तीच कळ दाबली. कन्नडचा ‘ळ’ आला. त्याने स्वतः दोन-तीन कळा दाबून पाहिल्या आणि आपले नाव दोन्ही लिप्यांत लिहिले. ज्या जिल्ह्यात पाटीवरच्या अक्षरांवरून डोकी तापतात, तेथे हे पाहून आम्हांला बरे वाटले, हे कबूल करतो.

खरी परीक्षा घरी झाली. पंधरा वर्षांपूर्वीचे लेख नव्या यंत्रात उघडले, तर पडद्यावर रोमन अक्षरांचा अर्थहीन रांधा! ते युनिकोडपूर्व पद्धतीच्या टंकात लिहिलेले होते. त्या पद्धतीत रोमन अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे आकार बसवलेले असत आणि तो टंक नसला की मराठी नाहीशी होई. परिवर्तकाने बरेच लेख परत मिळाले, मात्र रफार आणि जोडाक्षरे ओळीगणिक तपासावी लागली. वडिलांच्या पहिल्या स्मृतिदिनी लिहिलेला लेख काही केल्या उघडेना. अखेर सौभाग्यवतींनी जपून ठेवलेले छापील कात्रण सापडले. मूळ गेले, दुय्यम पुरावा उरला. त्या कात्रणावरून आम्ही तो लेख नव्या लॅपटॉपवर पुन्हा लिहिला. एका बैठकीत नव्हे, तीन रात्रींत.

इंदूर, बडोदे, हैदराबाद, गोवा, कोठेही असलेल्या वाचकांना विनंती एवढीच: यंत्र घेण्यापूर्वी आपल्या घरातले एक मराठी वाक्य त्यावर लिहून पाहा. बडोद्यात त्याच मांडणीवर गुजराती लिहिता येईल, हैदराबादेत तेलुगू. आणि जुने लेख अजून जुन्या टंकात पडून असतील, तर जुने यंत्र चालू आहे तोवरच ते युनिकोडमध्ये आणा व एक छापील प्रत ठेवा.

आमच्या नव्या लॅपटॉपवर आम्ही पहिली भाषा मराठी ठेवली आहे. कचेरीचे कोणतेही काम त्यावर करायचे नाही, असा घरातला ठराव आहे. हा लेख त्यावरच लिहिला. आणि आज रविवार नाही.